हळदीची कॅप्सूल आणि मामाचं यकृत

(बोललेल्या भागाचं हे शब्दांकन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी गाळली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटाच आहे. विषय मधुमेह, यकृत आणि हळद. हा भाग करायचा की नाही यावर बरेच दिवस घातले, कारण यात चूक माझी आहे आणि महाडच्या बाजारपेठेत मला सगळे ओळखतात. शेवटी मामाच म्हणाला, "सांग की. माझं नाव घेऊ नको म्हणजे झालं." तर नाव घेत नाही.

माझं महाडमध्ये औषधाचं दुकान आहे, हे नेहमीच्या मंडळींना माहीत आहे. मामा पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका गावात राहतो. वय 58, मधुमेह नऊ वर्षं जुना. हातपाय काटक, पोट तेवढं पुढे. वजन 62 किलो. उभ्या आयुष्यात त्याला कुणी जाडा म्हटलेलं नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात एका मोफत शिबिरात त्याची सोनोग्राफी झाली आणि कागदावर आलं: फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. तो कागद घेऊन मामा एसटीने थेट माझ्या दुकानात. "भाच्या, काळजाला चरबी लागलीय म्हणतात. मी तूप तरी कुठं खातो रे?"

गंमत बघा, आपल्याकडे मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, आणि गाण्यात काळीज म्हणजे हृदय. मामाने ते हृदयावरच घेतलं होतं. त्याला आधी ते समजावलं. मग प्रश्न आला तो खरा: तूप न खाता चरबी आली कुठून?

याचं उत्तर सांगताना मी नेहमी कणगीचं उदाहरण देतो. यकृत ही शरीराची कणगी. जेवलो की रक्तात साखर वाढते, इन्सुलिन येतं आणि सांगतं, भरा. कणगी भरते. रात्री आपण झोपतो, मेंदूला तर साखर लागतेच, मग यकृत हळूहळू साठ्यातली साखर सोडतं, कमी पडली तर नवीन तयार करतं. सोडणं कधी थांबवायचं हेही इन्सुलिनच सांगतं. टाइप 2 मधुमेहात यकृताला हे सांगणं नीट ऐकू येत नाही. भरलेल्या घरात कणगी उघडीच राहते. म्हणून मामाची नेहमीची तक्रार असायची, "रात्री नुसती पेज पिऊन झोपलो, तरी सकाळी उपाशीपोटी 170 कशी?" मामा, ती साखर तू खाल्लेली नाहीस, तुझ्या यकृताने रात्रभर ओतली आहे.

आणि विचित्र गोष्ट अशी, की इन्सुलिनचा हा एक हुकूम यकृत ऐकत नाही, पण दुसरा ऐकतं. "चरबी बनव" हा हुकूम त्याला ऐकू येत राहतो. साखर आटोक्यात आणायला शरीर जास्त इन्सुलिन सोडतं, त्या जास्तीच्या इन्सुलिनने यकृतात चरबी आणखी बनते. पोटावरच्या चरबीतूनही स्निग्धाम्लं सुटून थेट यकृताकडे येतात. तूप नसलं तरी भात, साखरेचा चहा आणि बसून राहणं एवढं पुरतं. आता या आजाराचं नावही बदललंय. 2023 पासून डॉक्टर लोक त्याला चयापचयाशी जोडून नाव देतात, आधी नुसतंच "दारूमुळे न झालेला" असं नकारात्मक नाव होतं. गावात त्याचा एक फायदा झाला. लिव्हर म्हटलं की लोक लगेच बाटलीकडे बघतात, आणि मामा माळकरी आहे.

"मी जाडा नाही" याचंही उत्तर आपल्या पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो 2004 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी. आपल्या कोकणपट्ट्यातल्या काटक म्हाताऱ्यांना मधुमेह कसा होतो, असं कुणी विचारलं की मी त्या फोटोबद्दल सांगतो.

एवढं सगळं मला त्या दिवशी माहीत होतं. तरी मी काय केलं? मागच्या फळीवरून हळदीच्या कॅप्सूलची डबी काढून मामाच्या हातात दिली. सकाळ-संध्याकाळ एक.

का दिली, ते सांगतो. 22 जुलै 2021 ला महाडमध्ये काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या दुकानात पाणी माळ्यापर्यंत होतं, माल सगळा गेला. त्यानंतर कर्ज काढून दुकान उभं केलं. मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्यांवर सरकारी किंमत-नियंत्रण आहे, त्यांत दुकानदाराला 16 टक्के सुटतात. पूरक आहाराच्या डब्यांवर तसलं नियंत्रण नाही. एमआर स्कीम घेऊन येतो, दहावर तीन फुकट. त्या डब्या औषध कायद्याखाली येत नाहीत, अन्नसुरक्षेच्या परवान्यावर विकल्या जातात, त्यामुळे "या आजारावर चालतं" हे रुग्णांवर सिद्ध करून दाखवायचं बंधनही नाही. मामाला मी फुकट दिली, नफा नाही घेतला. पण विकता विकता माझाच विश्वास बसला होता, हे खरं. शिवाय मी एका कंपनीच्या कार्यक्रमात तासभर व्याख्यान ऐकून आलो होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो मी, आणि खरा पिवळा झाला मामा.

मामा जूनपासून कॅप्सूल घ्यायला लागला. ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे दहाएक आठवड्यांनी, त्याला अन्नावरची वासनाच गेली. अंगाला खाज, लघवी चहासारखी. मग डोळे पिवळे. पावसाळ्यात आमच्याकडे कावीळ म्हटलं की पाणी. सगळ्यांनी झऱ्याच्या पाण्यावर ठपका ठेवला. शेजारच्या वाडीतल्या माणसाने कावीळ उतरवली, गळ्यात माळ घातली, त्यात आठ दिवस गेले. आणि मामीने काय केलं? आपल्याकडे कावीळवाल्या माणसाला पिवळं देत नाहीत. मामीने आमटीतली हळद बंद केली. पांढरी आमटी, पांढरा भात. कॅप्सूल मात्र सकाळ-संध्याकाळ चालूच, कारण ती भाच्याने दिलेली, ते औषध!

मला हे कळलं तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसलो.

महाडला आणून रक्त तपासलं. बिलिरुबिन 9 च्या वर, एसजीपीटी हजाराच्या पुढे. कावीळ अ आणि ई, जी पाण्यातून येते, दोन्ही नाहीत. ब आणि क पण नाहीत. मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात तुम्ही ज्याला औषध म्हणत नाही असं काय काय घेता?" मी पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "यात मिरीचा अर्कपण आहे."

आता इथे थोडं सावकाश जाऊ, कारण सगळी मेख इथे आहे.

हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. 1815 मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं, 1910 मध्ये त्याची रासायनिक रचना कळली. हळदीच्या पुडीत ते साधारण तीन टक्के असतं. मामीच्या घरात पाच माणसांना महिन्याला पाव किलो हळद लागते. म्हणजे माणशी रोज दीड-पावणेदोन ग्रॅम हळद, त्यात कर्क्युमिन 50 मिलिग्रॅम. आता डबीवर काय होतं? प्रत्येक कॅप्सूलमध्ये 500 मिलिग्रॅम अर्क, 95 टक्के शुद्ध. दिवसाला दोन म्हणजे 950 मिलिग्रॅम. तेवढं कर्क्युमिन हळदीतून मिळवायचं तर रोज तीसेक ग्रॅम हळद खायला हवी. मामा रोज अठरा-एकोणीस दिवसांची हळद खात होता! अन्नातल्या रंगद्रव्यांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने कर्क्युमिनची रोजची मर्यादा किलोमागे 3 मिलिग्रॅम ठरवलेली आहे. 62 किलोच्या माणसाला ती 186 होते.

तरीही एवढ्याने सहसा काही होत नाही, कारण कर्क्युमिन अंगात फारसं शिरतच नाही. बरंचसं आतड्यातून तसंच बाहेर पडतं. जे शोषलं जातं त्यावर आतडं आणि यकृत लगेच एक शेपूट चिकटवतात आणि त्याला बाहेरची वाट दाखवतात. शरीर त्याला परका पाहुणाच समजतं. 1998 मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं, की कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पायपरिन 20 मिलिग्रॅम दिलं तर माणसाच्या रक्तात त्याचं शोषण वीस पटीने वाढतं. तेव्हापासून सगळ्या डब्यांवर "मिरीयुक्त" असं ठळक छापतात, जणू ती फार मोठी सोय आहे. पण मिरी हे करते कसं? ती यकृताची ती शेपूट चिकटवण्याची यंत्रणाच मंद करते. नको असलेलं बाहेर काढायचं दारच अर्धं लावून घेते. आणि ते दार एकट्या कर्क्युमिनचं नाही. दम्याचं थिओफायलिन, फिटची फेनिटोइन, रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल, या औषधांचं रक्तातलं प्रमाण पायपरिनने वाढतं हे माणसांवर पाहिलेलं आहे. आमटीतल्या चार मिऱ्यांची ही गोष्ट नव्हे, अर्काची आहे. पण फिटच्या गोळ्या घेणाऱ्यांना मी अशा डब्या विकल्या आहेत, विचारल्याशिवाय.

2022 मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधन-जाळ्याने, जे औषधांनी होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवतं, हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृत दुखावलेल्या 10 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतले 5 रुग्णालयात दाखल झाले, एक दगावला. तिघांच्या गोळ्यांत मिरी होती. आणि दहांपैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकीय खूण सापडली, एचएलए-बी 35:01. म्हणजे हे विष चढल्यासारखं सगळ्यांना होत नाही. काहींच्या प्रतिकारशक्तीलाच ते खटकतं. सुरू केल्यापासून साधारण एक ते चार महिन्यांत होतं, बंद केलं की बहुतेकांचं उतरतं. इटलीतही असे बरेच रुग्ण निघाले, आणि 2022 मध्ये तिथल्या सरकारने या गोळ्यांवर इशारा छापायला लावला. जगभर लाखो लोक या गोळ्या घेतात, त्यांत हे थोडेच. पण ते थोडे कोण, हे आधी ओळखता येत नाही. मामाचं जनुक कुणी तपासलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर "बहुधा कॅप्सूलमुळे" असंच लिहिलं, "नक्की" असं नाही. बाकी सगळी कारणं वगळून उरतं ते हे.

मग हळद यकृताला चांगली असं जे सगळीकडे ऐकू येतं ते खोटं का? तसं नाही. उंदरांना मधुमेह करून कर्क्युमिन दिलं की यकृतातली नवी साखर बनवणारी विकरं मंदावतात, चरबी बनवणं कमी होतं, दाह उतरतो. असे प्रयोग ढिगाने आहेत आणि बरेचसे प्रामाणिक आहेत. माणसांवरही झालेत. 2016-17 च्या आसपास इराणमध्ये फॅटी लिव्हरच्या शंभरेक जणांना दोन महिने कर्क्युमिन देऊन पाहिलं, यकृताची विकरं थोडी उतरली, सोनोग्राफीतही थोडी सुधारणा दिसली. पण सोनोग्राफी हा चरबीचा ढोबळ अंदाज आहे, थोडी चरबी तिला दिसतच नाही. आणि आठ आठवड्यांत यकृत जून होणं थांबलं का, हे कळायला मार्ग नाही. कर्क्युमिनच्या रसायनशास्त्राचा मोठा आढावा 2017 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्यात एक गोष्ट मला फार पटली. कर्क्युमिन प्रयोगशाळेत दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, शिवाय स्वतःच चमकतं, त्यामुळे चाचणी फसते आणि "परिणाम झाला" असं दाखवते. ज्या बाईने हळदीचा हात पांढऱ्या साडीला पुसलाय तिला हे वेगळं सांगायला नको. हळद सगळ्यालाच लागते, चाचणीलासुद्धा.

आणखी एक. हळदीचं आपण ऐकतो तेव्हा पेटंटची लढाई हमखास निघते. ती अभिमानाचीच आहे. 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीवर पेटंट मिळालं, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने दाखले काढून ते लढवलं आणि 1997 मध्ये रद्द करून घेतलं. पण ते पेटंट जखमेवर हळद लावण्याचं होतं. आजीने गुडघा फुटल्यावर दाबलेली हळद आणि प्लास्टिकच्या डबीतला 95 टक्के अर्क, या दोन गोष्टी एक नव्हेत. माझ्या दुकानात मात्र पहिलीच्या पुण्याईवर दुसरी विकली जात होती.

आता माझी दुसरी चूक. मला ही जास्त टोचते.

मे महिन्यातल्या त्या शिबिराच्या कागदांत रक्ताचे आकडेही होते. एसजीओटी 46, एसजीपीटी 64, प्लेटलेट 2 लाख 10 हजार. यांतून एक साधं गणित करता येतं, त्याला फिब-4 म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. मामाचं: 58 गुणिले 46 म्हणजे 2668. खाली 210 गुणिले 8, म्हणजे 1680. उत्तर 1.59. हे 1.3 च्या आत असेल तर यकृतात जून होण्याची, कडक होण्याची शक्यता कमी. त्याच्या वर असेल तर पुढची तपासणी हवी, फायब्रोस्कॅन. म्हणजे मामाला मी त्याच दिवशी "डॉक्टरांना दाखव, फायब्रोस्कॅन लागेल" असं सांगायला हवं होतं. कॅल्क्युलेटर गल्ल्यावरच होता. दोन मिनिटांचं काम. त्याऐवजी डबी दिली, आणि मामा निर्धास्त झाला. इतका निर्धास्त, की "हळद चालू आहे" म्हणून त्याने मेटफॉर्मिन परस्पर अर्धी केली. ते मला मुंबईत कळलं, डॉक्टरांच्या समोर.

"झाडपाल्याचं असतं ते सोसतं," असं मामा म्हणाला होता. त्याला तेव्हा हे सांगायला हवं होतं, की मेटफॉर्मिनचं मूळही एका झाडातच आहे. गॅलेगा नावाची युरोपातली एक शेंगवर्गीय वनस्पती, तिच्यातल्या द्रव्याने साखर उतरते हे कळल्यावर त्याच घराण्यातली रसायनं बनवत गेले, आणि 1957 मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिन माणसांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. तीही मुख्यतः यकृतावरच काम करते, रात्री साखर ओतायची थोडी थांबवते. यकृतासाठी झाडपाल्याच्या घराण्यातलं औषध मामाच्या डब्यात नऊ वर्षं होतंच, दोन-अडीच रुपयांची गोळी.

कॅप्सूल बंद केल्यावर खाज आधी गेली, मग भूक आली. काही आठवडे इन्सुलिन घ्यावं लागलं, कारण यकृत तसं असताना नेहमीच्या गोळ्या थांबवल्या होत्या. गौरीला मामीने दरवर्षीप्रमाणे हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या, पण मामाला वास सहन होईना, तो पडवीत जाऊन बसला. दिवाळीपर्यंत आकडे जागेवर आले. मेटफॉर्मिन पुन्हा सुरू झाली. मी त्याला फायब्रोस्कॅनला लगेच नेणार होतो, पण डॉक्टरीणबाईंनी अडवलं. यकृत सुजलेलं असताना ते खोटंच कडक दाखवतं, सहा महिने थांबा म्हणाल्या. मार्चमध्ये केला. 6.9 आला. 8 च्या आत म्हणजे ठीक.

आजाराने मामाचं चार किलो वजन उतरलं ते त्याने परत चढू दिलं नाही. फॅटी लिव्हरमध्ये खरा फरक पडतो तो यानेच: पाचेक टक्के वजन उतरलं तर चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांनी दाहही उतरतो. चरबीच्या डोंगरापुढे हे फार साधं वाटतं, आणि यात दुकानदाराला मार्जिन नाही. दुपारच्या भाताचं ताट त्याने निम्मं केलं, चहातली साखर सोडली, संध्याकाळी वरच्या शेतापर्यंत चढून येतो. नाचणीची भाकरी खातो, पण चारच्या जागी दीड. नाचणी म्हणजे साखर नाहीच, असं समजून चार भाकऱ्या हाणणारे माझ्या दुकानात रोज येतात, त्यांच्याशी भांडणं हा वेगळा भाग होईल.

फळीवरच्या उरलेल्या डब्या मी कंपनीला परत केल्या. एमआर म्हणाला, "साहेब, दहा वर्षांत एक तक्रार नाही आली." मी म्हटलं, आता एक लिहून घ्या. त्याने लिहिली की नाही, मी बघितलं नाही. पण मी स्वतः औषध-दुष्परिणामांच्या सरकारी नोंदणीचा अर्ज भरून पाठवला. पीव्हीपीआय म्हणून जो कार्यक्रम आहे, त्याचा 1800 180 3024 हा नंबर फुकट आहे, आणि अर्ज रुग्णाच्या घरचा माणूसही भरू शकतो. डबी औषधाच्या परवान्यावर आहे की अन्नाच्या, हा घोळ करत बसू नका, नोंद करा.

मामी परवा फोनवर विचारत होती, यंदा गौरीला पातोळ्या करू का? परसात हळद चांगली माजलीय. म्हटलं, कर की. पानातली, आमटीतली, लग्नातली, सगळी चालेल. फक्त मामाला दोनच दे, आत गूळ असतो.

तुमच्या घरात फॅटी लिव्हरचा जुना रिपोर्ट पडलेला असेल तर तो काढा आणि ते गणित करून बघा. उत्तर 1.3 च्या वर आलं तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा, माझ्याकडे नको. पासष्टीच्या पुढच्या माणसांना 1.3 च्या जागी 2 हा आकडा धरतात, एवढं लक्षात ठेवा. पुढच्या भागात सुकट, मीठ आणि रक्तदाब. नमस्कार.